सुरतेचा उन्हाळा आणि जपानी कोशिंबीर

वैशाख लागला की सुरतेत माणसाची अन्नावरची वासना उडते. पारा चाळिशीच्या आसपास घोटाळत असतो, समुद्र जवळ असल्यामुळे हवा दमट असते आणि अंगावरचा घाम वाळत नाही. उधना, लिंबायत, पांडेसरा ह्या भागांत आपले मराठी बांधव फार मोठ्या संख्येने राहतात. त्यांतील पुष्कळजण सुरत-भुसावळ लोहमार्गाने खानदेशातून आलेले. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून पत्र्याच्या छपराखालील खोलीत परतणाऱ्या मनुष्यास गरम वरण समोर आले तरी नकोसे होते. त्याहूनही वाईट स्थिती त्या वरणाखाली शेगडी पेटवून तासभर बसलेल्या गृहिणीची. ती सर्वांस वाढते, आणि स्वतः ताकावर भागवते. पंचपक्वान्नांचे लेख पुष्कळ निघतात. आम्हांला आज अशा एका पदार्थाविषयी लिहावयाचे आहे, ज्यास तीळ भाजण्याच्या दोन मिनिटांपलीकडे विस्तवाची गरज नाही.

हा पदार्थ म्हणजे काकडीची कोशिंबीर. परंतु तिच्यात कालवावयाचा रस, ज्यास इंग्रजीत ड्रेसिंग म्हणतात, तो जपानी पद्धतीचा. जपानात ह्या प्रकारास 'सुनोमोनो' असे नाव आहे. 'सु' म्हणजे व्हिनेगर आणि 'मोनो' म्हणजे वस्तू. व्हिनेगर, सोया सॉस आणि काही गोड, एवढाच तो रस. त्याच देशात भाजलेले तीळ वाटून भाजीला चोळण्याचीही रीत आहे. तीळ वाटण्यासाठी त्यांच्याकडे आतून खाचा पाडलेले मातीचे भांडे आणि लाकडी दांडका असतो. आपल्या खलबत्त्याचाच तो भाऊबंद.

'जपानी' हा शब्द ऐकून काही वाचक भगिनी पान उलटतील, म्हणून प्रथम थोडा इतिहास सांगणे भाग आहे. सोया सॉस हा सुरतेस काल-परवा आलेला पाहुणा नव्हे. इंग्रजांना येथे वखारीचा परवाना १६१३ साली मिळाला, आणि डचांनी आपली वखार १६१६ साली घातली. जॉन ओव्हिंग्टन नावाचे इंग्रज चर्चचे एक पाद्री १६८९ साली ह्या शहरी आले आणि काही काळ राहिले. त्यांनी लिहिलेले प्रवासवर्णन १६९६ साली लंडनला प्रसिद्ध झाले. त्यात इंग्रजी वखारीतील भोजनाचे वर्णन आहे. पुलाव आणि कबाब ह्यांच्या जोडीला आंब्याचे व बांबूच्या कोंबांचे लोणचे आणि सोया सॉस तोंडाला चव आणण्यासाठी नेहमी मेजावर असे, असे ते सांगतात. शिवाय सर्व सॉसांत ह्यालाच ते पहिला मान देतात. म्हणजे आपल्याकडे मराठे आणि औरंगजेब ह्यांचे युद्ध पेटले होते, त्या दिवसांत सुरतेच्या मेजावर ही बाटली होती! पाद्रीबुवांची जीभ चोखंदळ असावी असे आम्हांस वाटते, कारण पुढे १६९९ साली त्यांनी चहावरही एक निबंध लिहिला.

त्या काळी जपानशी व्यापार करण्याची मुभा यूरोपियांपैकी केवळ डचांना होती. १६४१ पासून ते नागासाकीजवळच्या देजिमा ह्या लहानशा बेटावर जवळजवळ कोंडल्यासारखे राहत आणि तेथून माल बाहेर पाठवीत. जपानी तांबे हा त्यांच्या सुरतेतील विक्रीचा एक प्रमुख जिन्नस होता. जपानी 'शोयु' हा शब्द डचांच्या तोंडी पडून 'सोया' झाला, आणि मग ज्या दाण्यापासून हा रस काढतात त्या दाण्यासही यूरोपात तेच नाव पडले. बाळाचे नाव आईला मिळाले म्हणावयाचे!

तरीही कोणी म्हणेल की हे परक्यांचे खाणे. त्यांनी आपल्या कोशिंबिरीतील दाण्याचे कूट आणि हिरवी मिरची ह्यांची कुळी शोधून पाहावी. भुईमूग आणि मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातील, आणि पोर्तुगीजांच्या काळात इकडे रुळलेली. ती वजा केल्यास खमंग काकडीत खमंग असे कितीसे उरेल?

आता कृतीकडे वळू. पाच माणसांस अर्धा किलो कोवळ्या काकड्या पुरेत. नळाच्या वाहत्या पाण्याखाली त्या चोळून धुवाव्यात आणि शेवटचा हात पिण्याच्या पाण्याचा द्यावा. ही गोष्ट आम्ही मुद्दाम आधी सांगत आहो. उन्हाळ्यात जुलाब-वांतीची साथ घरात शिरते ती पुष्कळदा कच्च्या भाजीच्या आणि अशुद्ध पाण्याच्या वाटेने, आणि व्हिनेगर घातले म्हणजे सारे जंतू मरतात हा समज खोटा आहे. विळी, सुरी, पाट आणि हात हेही तितकेच स्वच्छ हवेत. रस्त्यावर चिरून ठेवलेली काकडी ह्या कामी मुळीच आणू नये.

काकडीचे टोक कापून, ते घासून, चव पाहून घ्यावी. कडू निघाल्यास ती बाजूला ठेवावी. मग साल न काढता कागदासारख्या पातळ चकत्या कराव्यात. आपण काकडी कोचवतो किंवा किसतो; येथे चकत्याच हव्यात, कारण त्या दाताखाली कुरकुरल्या पाहिजेत. चकत्यांना एक लहान चमचा मीठ चोळून दहा-पंधरा मिनिटे ठेवावे. मिठामुळे काकडीतील पाणी बाहेर येते. ते दोन्ही तळव्यांत धरून पिळून काढावे, अगदी जोराने, संकोच करू नये. चाखून खारट वाटल्यास चकत्या पिण्याच्या पाण्यातून एकदा काढून पुन्हा पिळाव्यात. आपल्या कोशिंबिरीला पाणी सुटून ती ताटात पसरते, हे दुखणे कोणत्या घरात नाही? आपण त्यावर दाण्याचे कूट घालून ते पाणी शोषून घेतो. जपानी गृहिणी पाणी आधीच काढून टाकते, म्हणून तिचा रस काकडीत मुरतो. ह्या एका गोष्टीत त्यांची पद्धत सरस आहे, हे मोकळ्या मनाने मान्य करावे. काढलेले पाणी खारट असते. ते फेकू नये, कणीक भिजवताना मिठाऐवजी वापरावे.

रसासाठी दोन मोठे चमचे व्हिनेगर, एक मोठा चमचा साधे पाणी, एक मोठा चमचा साखर आणि दोन लहान चमचे सोया सॉस घ्यावे. साखर पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावे. आल्याचा बोटभर तुकडा किसून त्याचा रस पिळावा. जपानात साखरेच्या जागी तांदळाची एक गोड दारूही वापरतात. गुजरातेत दारूबंदी आहे, आणि साखरेने काम उत्तम भागते, तेव्हा तो विषय येथेच संपला. पाण्याचा चमचा कशासाठी, असे कोणी विचारील. जपानी व्हिनेगर तांदळाचे असते आणि चवीला सौम्य असते. आपल्याकडील व्हिनेगर अधिक झोंबते.

व्हिनेगर निवडताना मात्र डोळे उघडे ठेवावेत. वसईकडील आणि गोव्यातील वाचकांना आम्ही काय सांगावे? माडाच्या सुरेचे व्हिनेगर त्यांच्या स्वयंपाकघरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. सुरतकरांचे भाग्य निराळे. येथून सुमारे तीस किलोमीटरांवर नवसारी आहे, आणि तेथे पारशी लोक उसाच्या रसाचे व्हिनेगर करतात. कोलाह ह्या पारशी घराण्याची तेथील पेढी १८८५ सालापासूनची आहे. रंग तपकिरी, वास उग्र, परंतु चवीला खोली असते. ह्याउलट पाण्यासारखे पांढरे आणि अगदी स्वस्त व्हिनेगर पुष्कळदा नुसते पाणी आणि ॲसिटिक ॲसिड असते. तसे असल्यास बाटलीवर 'सिंथेटिक' असे छापण्याचे कायद्याने बंधन आहे. ते विष नव्हे. पण ज्या पदार्थाचा सारा जीव व्हिनेगरातच आहे, त्यात ते घालणे म्हणजे बिनसाखरेच्या चहास पाहुणे बोलावणे होय.

सोया सॉसचेही असेच आहे. खरा शोयु वाफवलेले सोयाबीन आणि भाजलेला भरडा गहू ह्यांवर विशिष्ट बुरशी वाढवून, मग ते मिठाच्या पाण्यात कित्येक महिने आंबवून करतात. बाजारात 'डार्क' म्हणून मिळणारा दाट काळा सॉस ह्या कामी घेऊ नये. त्याने काकडी शाईत पडल्यासारखी दिसते. पातळ, 'लाइट' म्हणतात तो घ्यावा. परंतु 'लाइट' म्हणजे कमी मिठाचा असे समजू नये. एका मोठ्या चमच्यात दोन ग्रॅमांहून अधिक मीठ असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात पाच ग्रॅमांहून कमी मीठ खावे. घरात रक्तदाबाचे दुखणे असलेले आजोबा असतील तर त्यांचा वाटा सोया घालण्यापूर्वीच काढावा आणि त्यावर नुसते लिंबू पिळावे. गव्हाचे ज्यांस वावडे आहे त्यांनीही हा सॉस टाळावा.

आता तीळ. एक मोठा चमचा पांढरे तीळ मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजून, गार करून, खलबत्त्यात अर्धवट कुटावेत. पीठ करू नये. तीळ उष्ण, ते संक्रांतीलाच बरे, असे आमच्या घरातील वडीलधारी मंडळी म्हणत, आणि त्या म्हणण्याचा आम्ही अनादर करीत नाही; पण पाच माणसांत एक चमचा वाटला तर कोणाच्या वाट्यास किती येईल? ज्यांना तीळ नकोतच, त्यांनी दाण्याचे कूट घालावे. खानदेशी घरात ते हाताशी असतेच. मग त्या कोशिंबिरीस जपानी म्हणावे की जळगावची, हा वाद जेवण झाल्यावर घालावा.

वाढण्याच्या अगदी आधी काकडी, रस आणि तीळ एकत्र कालवावेत. भांडे काचेचे, स्टीलचे किंवा चिनी मातीचे घ्यावे. जपानचे तांबे सुरतेत येत होते हे खरे, पण तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात व्हिनेगराचा पदार्थ कळकतो आणि बाधतो.

जपानात ह्या कोशिंबिरीत समुद्रातील शेवाळ किंवा उकडून वाळवलेली बारीक मासळीही घालतात. किनाऱ्यावरील आमच्या वाचकांनी निवडून, कोरडा भाजलेला मूठभर जवळा वरून पेरून पाहावा. तो आयत्या वेळीच पेरावा, नाहीतर नरम पडतो. मग ताटात गार भात आणि ही कोशिंबीर असली तरी मुले दुसऱ्यांदा भात मागतात, असा आमचा अनुभव आहे. कालवलेली कोशिंबीर रात्रीसाठी ठेवू नये. नुसता रस मात्र तीळ न घालता स्वच्छ बाटलीत, फ्रीजमध्ये, तीन-चार दिवस चांगला राहतो. दुसऱ्या दिवशी तोच रस उकडलेल्या गवारीवर किंवा चवळीच्या कोवळ्या शेंगांवर घालता येतो. शेंगा सकाळच्या थंड वेळी उकडून ठेवाव्यात, म्हणजे दुपारी शेगडीकडे जावे लागत नाही.