लिंबाखालची माती घेऊ नका!

माती परीक्षणाचा नमुना घ्यायचा म्हटलं की कृषी खात्याची माणसं पहिल्यांदा बजावतात : झाडाखालची, बांधाजवळची, उकिरड्याजवळची माती घेऊ नका. पुष्कळांना हा नुसता कागदी नियम वाटतो. पण खताच्या खर्चाशी त्याचा सरळ संबंध आहे.

खुलताबाद तालुक्यातील म्हैसमाळ, वेरूळचा डोंगर काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. या खडकात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि लोह भरपूर. तो झिजून माथ्यावर हलकी मुरमाड आणि खोलगट भागात काळी जमीन तयार झाली. जिथं चुनखडी साठते तिथं मातीचा सामू 8 च्या पुढं जातो. मग जमिनीत लोह असूनही पिकाला मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. जस्ताचं तेच, आणि स्फुरदही चुन्याशी बांधला जातो.

आता लिंबाचं पाहू. औषधी म्हणून घराघरात मान असलेल्या या झाडाची मुळं मुरमाच्या फटीत खोल जातात. तिथली खनिजं ती वर ओढतात आणि पानात साठवतात. फेब्रुवारी-मार्चात पानगळ झाली की तीच खनिजं जमिनीच्या वरच्या थरात येतात. पानात चुन्याचा अंश बराच असतो. कोकणातल्या आंबट जमिनीला त्याचा उपयोग होईल. आपल्याकडं चुना आधीच जास्त. आपला खरा फायदा सेंद्रिय कर्बाचा. पाला कुजताना निघणारी आम्लं लोह, जस्त धरून ठेवतात आणि मुळांना पुरवतात.

म्हणूनच लिंबाखालचा नमुना फसवतो. अहवालात कर्ब चांगला दिसतो, शेतकरी साऱ्या रानाचं खत कमी करतो आणि उघड्या रानातलं पीक उपाशी राहतं. सेंद्रिय कर्ब 0.5 टक्क्याच्या खाली असला तर तो कमी धरतात, हे ध्यानात ठेवावं.

‘लिंबाखाली पीक येत नाही’ ही तक्रारही खरी आहे. सावली पडते, ओलावा झाड ओढून घेतं. पण त्यासाठी झाड तोडण्यापेक्षा फांद्या छाटाव्यात आणि पाला न जाळता कंपोस्ट खड्ड्यात घालावा. जून-जुलैत निंबोळ्या वेचाव्यात. निंबोळी पेंडीतून नत्र मिळतंच, शिवाय युरियाचं नायट्रेटमध्ये होणारं रूपांतर मंदावतं, त्यामुळं नत्र वाहून जात नाही. याच गुणामुळं 2015 पासून देशात तयार होणाऱ्या सगळ्या युरियाला निंबतेलाचं आवरण देणं सक्तीचं झालं.

नमुना घेताना शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल ‘व्ही’ आकाराचे खड्डे घ्यावेत. माती एकत्र करून चार भाग पाडावेत, समोरासमोरचे दोन टाकावेत. असं करत अर्धा किलो माती उरली की सावलीत वाळवून प्रयोगशाळेत द्यावी. हलकी आणि काळी जमीन एकाच गटात असली तरी नमुने वेगवेगळे घ्यावेत. ग्रामपंचायतींनी ही माहिती पेरणीपूर्वीच्या ग्रामसभेत सांगितली, तर पुष्कळांचा खताचा पैसा वाचेल.