उत्तर माणगावाक

शेवटची पेटी वर चढते. तात्या ताडपत्रीची दोरी पायाखाली दाबून आवळतात, गाठ मारतात आणि तीच गाठ पुन्हा एकदा ओढून बघतात. 85 पेट्या. सुक्या गवतात निजवलेला हापूस अजून हिरवा आहे, म्हणून वास पिकल्या आंब्याचा नाही. चिकाचा आणि गवताचा आहे. देवगडात संध्याकाळचे सात वाजतायत. चारशेच्या वर किलोमीटर तोडून उजाडायच्या सुमाराला हा माल वाशीच्या बाजारात लागायला हवा. उशिरा पोचलेल्या पेटीला गिऱ्हाईक मिळतं, भाव मिळत नाही.

मी काकांच्या बागेतले चार दिवस संपवून मुंबईला परततोय, पिकअपच्या केबिनमध्ये, तात्यांच्या शेजारी. काकांनी मला गाडीत बसवलंय ते एका कामासाठी. "तात्याबरोबर बोलत रव," ते खिडकीशी येऊन सांगतात. काकी भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवते.

जामसंडे मागे पडतं तसा मी मोबाइल काढतो. काल रात्री अंगणात बसून मी साठ गाणी निवडली आहेत. रात्रभराच्या प्रवासाला कोणतं गाणं कुठे यावं याचा मी खरंच विचार केलाय: सुरुवातीला भावगीतं, मग जुनी हिंदी, मध्यरात्रीनंतर नाट्यपदं. तात्या मान हलवून वायर माझ्याकडे सरकवतात. शिरगावपर्यंत दोन गाणी होतात. ते मन लावून ऐकतात, दुसऱ्या गाण्याचा अंतरा तर माझ्याआधी गुणगुणतात. मग आवाज अगदी बारीक करतात.

"गाणी बरी आसत, झिला. पण ही माका पाठ आसत."

"मग चांगलंच की."

"पाठ आसलेला गाणा झोप हाडता."

तीस वर्षं रात्रीची गाडी चालवणारा माणूस हे सांगतोय, म्हणून मी ऐकून घेतो. ओळखीच्या गाण्यात पुढे काय येणार ते मनाला आधीच माहीत असतं, त्यामुळे मन पुढे जातच नाही, तिथेच टेकतं, असं ते मालवणीत, गिअर बदलता बदलता समजावतात. आई मुलाला निजवताना रोज नवं गाणं म्हणते काय? तेच म्हणते. तेच तेच म्हणते म्हणून तर पोर निजतं.

डॅशबोर्डवरच्या गणपतीच्या पायाशी दोऱ्याने बांधलेला एक लाल पेनड्राइव्ह लटकतोय, टोपण हरवलेला. तात्या तो टेपमध्ये सारतात. टेपला पडदा नाही, दोनच बटणं आहेत. किती वेळा दाबलं की काय लागतं ते त्यांच्या बोटाला ठाऊक. कणकवलीच्या बाजारात एक मोबाइलवाला त्यांना तो भरून देतो. तात्यांची अट एकच: आधी ऐकलेलं नको. त्या पोराने वहीच ठेवलीय, तात्यांना कधी काय दिलं त्याची. मोसमात आठवड्याला तीन खेपा, प्रत्येक खेपेला नवं.

पेनड्राइव्हवर आहे डबलबारी.

घाटावरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. एका मंडपात दोन भजनी मंडळं समोरासमोर बसतात. दोन्हीकडे एकेक बुवा, पेटी, पखवाज, झांजा, मागे झील धरणारी पोरं. आधी एका बुवाची बारी, मग दुसऱ्याची, असं रात्रभर. रूपावली, अभंग, गवळण आणि शेवटी चढत जाणारा गजर हा सांगाडा. पण लोक जागतात ते बुवांच्या झटापटीसाठी. पहिला बुवा गाता गाता पुराणातलं एक कोडं टाकतो आणि दुसऱ्याने आपल्या बारीत ते सोडवायचं, तेही चालीत बसवून. परशुराम पांचाळबुवा, चंद्रकांत कदमबुवा ही नावं सिंधुदुर्गात घराघरात आहेत. आमच्याकडची बारकी पोरंसुद्धा दोन गट करून पत्र्याचे डबे बडवत डबलबारी खेळतात. मी लहानपणी मे महिन्यात काकांच्या खांद्यावर बसून ऐकलीय आणि अर्ध्यात झोपलोय. मंडपात झोपलेलं चालतं.

नांदगावला आम्ही हायवेला लागतो. काँक्रीटचा रस्ता मिळताच चाकांचा आवाज बदलतो, एकसारखी घूं सुरू होते. इंजिनाची घरघर आणि ही घूं मिळून खालचे सगळे सूर गिळून टाकतात. पखवाजाचा धुमा हरवतो, फक्त चाटेची थाप येते. पण पेटी आणि झांज त्या गोंगाटातून सुरीसारखी आरपार येते. माझ्या नाट्यपदातली आलापी इथे ऐकूच आली नसती. आवाज वाढवला असता तर ताना कानठळ्या बसवत आल्या असत्या. तात्यांनी आवाज मोजका ठेवलाय. गाण्याच्या खालून टायर ऐकू यायला हवा म्हणतात, टायर फुटायच्या आधी सांगतो.

"दशावतार का नाही लावत?" मी विचारतो. तोही रात्रभराचाच.

"दशावतार बगूचो आसता. नुसतो आयकलो तरी मन बगूक लागता. डोळे रस्त्यावर व्हये."

तळेऱ्याच्या पुढे पहिल्या बुवांची गवळण संपते, गजर उभा राहतो आणि गजरात ते प्रश्न टाकतात. परशुराम कर्णाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले होते. एक किडा आला, त्याने कर्णाची मांडी पोखरली. गुरूची झोप मोडू नये म्हणून कर्ण हलला नाही, रक्त वाहू दिलं. तर बुवा, एवढंच सांगा, तो किडा पूर्वजन्मी कोण होता?

झांजा थांबतात. मंडपातला लोकांचा गलका ऐकू येतो, कुणीतरी शिट्टी मारतं, समोरच्या पेटीवर दुसरे बुवा सूर चाचपायला लागतात. आणि तात्या बटण दाबून टेप बंद करतात.

"अहो, उत्तर?"

"उत्तर माणगावाक."

मी त्यांच्याकडे बघतो. ते समोर बघतायत. खारेपाटणचा पूल येतो, सिंधुदुर्ग संपतो.

"तीन-साडेतीन वाजता माणगाव येता," ते शांतपणे सांगतात. "थंय माणूस मरता, झिला. घाटात नाय मरत. घाटात तो जागो आसता." अंगाची ऊब पहाटे तीन-चारच्या सुमाराला सर्वात खाली जाते, तेव्हा डोळे उघडे असूनही मन विझतं, हे मी कधीतरी वाचलंय. तात्यांनी ते वाचलेलं नाही. त्यांनी त्यांचा एक सोबती तसा गमावलाय, सरळ रस्त्यावर, पहाटे. त्याचं नाव ते घेत नाहीत. त्या खेपेपासून ते प्रश्न आधी ऐकतात आणि उत्तर राखून ठेवतात.

राजापूर जातं. लांज्याला ट्रकांची रांग. हातखंब्याला चहा, काकीची भाकरी, सुक्या बांगड्याचे तुकडे. टपरीवाला तात्यांना बघून विचारतो, "आज काय प्रश्न?" तात्या प्रश्न सांगतात. टपरीवाला, दोन क्लीनर आणि एक कोळशासारखा काळा झालेला मेकॅनिक, सगळे विचारात पडतात. "इंद्र," मेकॅनिक म्हणतो, आणि मलाही तेच वाटत असतं. इंद्रच किडा होऊन आला होता, लहानपणापासून हेच ऐकलंय.

"सगळ्यांका तसाच वाटता," तात्या म्हणतात. "माका पण. पण पूर्वजन्म इचारल्यान हा. इंद्राक कसलो पूर्वजन्म?"

रत्नागिरी जिल्ह्यात पेनड्राइव्हचा दुसरा कप्पा लागतो. शक्ती-तुरा, जाखडीचा. ढोलकी आणि घुंगरू, एका बाजूला शक्तीवाला शाहीर, दुसऱ्या बाजूला तुरेवाला. एकजण पार्वतीची थोरवी गाणार, दुसरा शंकराची, आणि दोघांनी एकमेकांना अडवायचं. गाडी ज्या गावांमधून चाललीय त्या गावांतल्या वाड्यांवर गणपतीत हेच चालतं. मी हळूहळू ओळखू लागतो की तात्यांच्या निवडीत सूर हा दुसरा विचार आहे. कोकणात माणसाला जागं ठेवणारी जी जी रीत सापडली तिच्यात एकाने विचारायचं आणि दुसऱ्याने उत्तर द्यायचं असतं, आणि त्यांनी नेमक्या त्याच उचलल्यात.

संगमेश्वर, सावर्डे, चिपळूण. एक वाजून गेलाय. परशुराम घाटाचा चढ दिसताच टेप बंद.

"घाटात गाडी काय बोलता ता आयकूक व्हया."

मीही गप्प होतो. चढावर इंजीन दम खातं, मागे पेट्या एकमेकींना टेकत कुरकुरतात. वाशिष्ठीचं खोरं खाली काळोखात आहे, चिपळूणचे दिवे झिरपत मागे राहतात. वर कुठेतरी परशुरामाचं देऊळ. ज्याच्या झोपेपायी एवढा प्रश्न पडलाय तोच. मी तात्यांकडे बघतो. त्यांच्याही ते मनात आहे, कारण ते स्टिअरिंगवरचा एक हात उचलून कपाळाला लावतात.

लोटे, भोस्ते घाट. पुढे कशेडी. पूर्वी इथे वळणावळणाचा घाट होता, चाकरमान्यांच्या पिढ्यांनी तो जीव मुठीत धरून ओलांडला. आता दोन किलोमीटरच्या आसपासचा बोगदा आहे, सरळ, उजेडाचा. काही मिनिटांत पार. तरी तात्या खवटी आली की टेप बंद करतात. बोगद्यात ऐकण्यासारखं गाडी काही बोलत नाही. पण इतक्या वर्षांत या जागेवर त्यांनी कधी गाणं लावलेलं नाही.

पोलादपूर. महाड. अडीच, तीन. आता माझी मान पडू लागते. मला बोलायला बसवलंय आणि माझ्याच तोंडून शब्द अर्धे येतात. रस्ता सपाट, दुभाजकाचे पट्टे एकामागून एक पायाखाली शिरतात, घूं चालूच. तात्या खिडकी उतरवतात, गार वारा घेतात, पुन्हा चढवतात. त्यांच्या पापण्या जड झाल्यायत, मला दिसतंय. ते डोळे मोठे करून मिटतात, पुन्हा मोठे करतात. एकदा गाडी पांढऱ्या पट्टीला शिवते आणि मला पाठीच्या कण्यात थंडी जाणवते.

"तात्या!"

"जागो आसय." आणि बोट बटणावर जातं. "ऐक आता."

मंडपातला तो गलका, मघाशी तळेऱ्यापुढे तोडलेला, तसाच्या तसा केबिनमध्ये भरतो. दुसरे बुवा घाई करत नाहीत. नमन करतात, रूपावली घेतात, एक अख्खा अभंग गातात. मी पुढे वाकून बसलोय. तात्याही वाकलेत, छाती जवळजवळ स्टिअरिंगला लागलीय. सहा तास हा प्रश्न आमच्याबरोबर गाडीत बसून आलाय. बुवा गवळणीत खेळत राहतात, समोरच्याला टोमणे मारतात, लोक हसतात. माणगावची बंद दुकानं दोन्ही बाजूंनी सरकतात. मग गजर. पखवाज दुगणीत जातो, झांजा पेटतात, आणि बुवा सांगतात: तो इंद्र नव्हे. शांतिपर्व उघडा. तो होता दंश नावाचा असुर. त्याने भृगुऋषींची पत्नी पळवली, भृगूंनी शाप दिला, किडा होशील. आणि उःशापही दिला, माझ्याच कुळातला राम तुला सोडवील. म्हणून त्याने मांडी निवडली ती परशुरामाच्या डोक्याखालची!

"आवशीक!" तात्या स्टिअरिंगवर थाप मारतात. त्यांचा चेहरा समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडात लख्ख दिसतो. झोपेचा मागमूस नाही. "शापातून सुटूक इलो होतो तो! माका वाटला, चावूक इलो."

माझीही झोप उडालीय. आम्ही दोघं मोठमोठ्याने बोलतोय, कर्णाबद्दल, त्या किड्याबद्दल, एकाची सुटका झाली त्यापायी दुसऱ्याला शाप मिळाला याबद्दल. कारण रक्ताने परशुराम जागे झाले आणि एवढं सोसणारा ब्राह्मण नसणार हे ओळखून त्यांनी कर्णाला शापलं. गुरूची झोप सांभाळली त्याचं हे फळ. तात्यांना ते पटत नाही. कोलाडपर्यंत त्यांना ते पटत नाही.

नागोठण्याच्या पुढे आभाळ फिकटायच्या बेतात आहे. वडखळ, पेण, इथून कोळीगीतं. त्यांना आता परवानगी आहे, पाठ असली तरी. रस्त्यावर गाड्या वाढल्यायत, दुधाचे टेम्पो, भाजीवाले, कामावर निघालेली माणसं. वस्ती जागी झाली की ड्रायव्हरला कुणी जागवावं लागत नाही.

पनवेल ओलांडल्यावर तात्या काहीतरी आठवून पुन्हा बटण दाबतात. डबलबारी, पहिल्या बुवांची दुसरी बारी. ते हार मानत नाहीत. गजरात पुन्हा उभे राहतात: बुवा, शांतिपर्व वाचलंत, आदिपर्व कोण वाचणार? भृगूंची पत्नी पळवणारा राक्षस तर तिथल्या तिथे भस्म झाला, गर्भातून पडलेल्या च्यवनाच्या तेजाने. राख झाली त्याची. मग किडा कोण झाला?

टेप बंद.

बाजाराच्या फाटकाशी गाड्यांची रांग आहे, पण छोटी. आम्ही वेळेत आहोत. पावणेसहा. हमाल ताडपत्री सोडतात, पहिली पेटी एकाच्या डोक्यावर जाते. तात्या पेनड्राइव्ह काढून पुन्हा दोऱ्याला अडकवतात, चप्पल सीटखाली सारतात आणि सीटवर आडवे होतात. दुपारी रिकामी गाडी घेऊन ते परत निघतील.

"तात्या, त्याचं उत्तर?"

"राजापूर," ते डोळे मिटूनच म्हणतात. "जेवान झाल्यावर थंय झोप येता."

मी पिशवी खांद्याला लावून वाशी स्टेशनच्या दिशेने चालू लागतो. लोकल रिकामी आहे, खिडकी मिळते. मोबाइलमधली साठ गाणी तशीच पडून आहेत. मी एकही लावत नाही. मानखुर्द येतं, गोवंडी येतं, आणि राख झालेल्या राक्षसाचा किडा कसा झाला असेल, ते मी जुळवत बसलोय.