अभ्यासिकेसाठी निधी मागताना

माहूर म्हटले की रेणुकामातेचा गड डोळ्यांपुढे येतो. गडाच्या आसपासच्या तांड्या-वाड्यांतल्या तरुणांना मात्र भरतीच्या अभ्यासासाठी शांत जागा आणि दिवा हवा असतो.

अशा अभ्यासिकेच्या निधीसाठी पेसा (अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत कायदा) लागू असलेल्या गावाने आधी ग्रामसभा गाठावी. आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध (ठरावीक योजनेला न बांधलेला) निधी राज्यात थेट अशा ग्रामपंचायतींना मिळतो. तो आरोग्य, स्वच्छता आणि शिक्षणावरही खर्च करता येतो.

दुसरी वाट कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीची. कंपनी कायदा, २०१३च्या कलम १३५नुसार ठरावीक मर्यादेवरच्या कंपन्यांना आधीच्या ३ वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात. हा निधी घेण्यासाठी संस्थेकडे प्राप्तिकराची १२ए व ८०जी आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी लागते. सहसा तशाच कामाचा ३ वर्षांचा अनुभवही. गावातल्या नव्या युवक मंडळाने म्हणूनच जुन्या, नोंदणीकृत संस्थेला सोबत घेणे उत्तम.

प्रस्तावात ‘युवकांचा सर्वांगीण विकास’ लिहून भागत नाही. ‘४० मुले, २ खोल्या, १० टेबले, सायंकाळी ६ ते १०, वीजबिल कोण भरणार’ असे लिहावे. वीजबिलाची ही ओळच बहुतेक कागदांत राहून जाते, आणि वर्षभरात खोलीला कुलूप लागते.