यंत्रापुरता फिटर

विश्रांतवाडीहून आळंदी रस्त्याने दिघी गाठायची, मॅगझिन चौकातून भोसरीकडे वळायचं. पहिल्या पाळीला या वाटेने जाणाऱ्या दुचाकींवर धानोरी, टिंगरेनगर, कळस भागात खोली घेऊन राहणारे फिटर असतात. दोन वर्षांचा आयटीआय, मग अप्रेंटिसशिप, आणि त्यानंतर ठेकेदारामार्फत एखाद्या एसपीएमच्या कारखान्यात काम.

एसपीएम म्हणजे स्पेशल पर्पज मशीन. लेथ तयार विकत मिळतो. पण एका ठरावीक कव्हरमध्ये बेअरिंग दाबायचं, ते पूर्ण बसलं का हे तपासायचं आणि मगच तो तुकडा पुढे सोडायचा, असं यंत्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. ते बनवूनच घ्यावं लागतं. टेल्को आणि बजाजच्या आधाराने पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि पुढे चाकणला सुट्या भागांचे कारखाने वाढले. त्यांच्या गरजेतून हा धंदा उभा राहिला. ऑर्डर आली की माणसं हवीत, यंत्र रवाना झालं की नकोत. म्हणून फिटर टेम्पररी.

डिझायनरच्या थ्रीडी मॉडेलमध्ये सगळं चपखल बसलेलं असतं. प्रत्यक्षात वेल्डिंगची फ्रेम, बाहेरून मशीनिंग होऊन आलेल्या प्लेटा, विकत आणलेले सिलिंडर, हे सगळं आपापली थोडी थोडी चूक घेऊन येतं. ती निस्तरायची फिटरने. आधी बेड लेव्हलला आणायचा, मीटरला ०.०२ मिलिमीटर फरक दाखवणारी स्पिरिट लेव्हल त्यासाठी लागते. मग एलएम (लिनिअर मोशन) गाइडची पहिली रेल सरळ करायची, तिच्यावर सरकणाऱ्या ब्लॉकवर डायल इंडिकेटर लावून दुसरी रेल समांतर आणायची. बोल्ट मधून टोकांकडे आवळत जायचे आणि प्रत्येक आवळणीनंतर काट्याकडे बघायचं.

मला सर्वांत जास्त भावतो तो डॉवेलचा टप्पा. बोल्ट नुसता धरून ठेवतो. जागा पक्की करते ती डॉवेल पिन. आधी बोल्ट अर्धवट आवळून, तांब्याच्या हातोडीने हलके ठोके देत ब्रॅकेट जागेवर आणायचं. डायल मनासारखा आला की बोल्ट पूर्ण आवळायचे, पुन्हा डायल बघायचा. त्यानंतरच दोन्ही भागांतून एकदम ९.८ मिलिमीटरचं ड्रिल आणि मग १० मिलिमीटरचा रीमर. एच-७ या मापश्रेणीच्या भोकाला मोकळीक केवळ १५ मायक्रॉनची. रीमर हाताने फिरवायचा, एकाच दिशेने, तेल सोडत. बाहेर काढतानाही उलटा फिरवायचा नाही. भोक सैल झालं तर मोठी पिन शोधा, नाहीतर ब्रॅकेट नव्याने करा. इथे घाई करणाऱ्याला जुने फिटर हात लावू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

ड्रॉइंगवर डॉवेलची जागा असते. किती शिम (पातळ पत्र्या) घातल्यावर ब्रॅकेट सरळ आलं, हे नसतं. ट्रायलमध्ये तुकडा अडकला, तर प्रॉक्सिमिटी सेन्सर सरकवायचा की फिक्स्चर, हे ज्याने जुळवणी केली त्याला चटकन कळतं. सर्व्हिसचा फोन येतो तेव्हा तो माणूस दुसऱ्या ठेकेदाराकडे गेलेला असतो. कारखान्यांचंही यात नुकसान आहे, आणि ते मोजलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

या कामगारांना २४० हा आकडा पाठ असतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने वर्षात २४० दिवस काम भरलं की ती सलग एक वर्षाची नोकरी धरली जाई आणि हक्क लागू होत. म्हणून त्याआधीच ‘ब्रेक’ देण्याची, म्हणजे कामावरून कमी करण्याची, रीत पडली. जुळवणी अर्धी असतानाही ब्रेक मिळतो. नव्या माणसाला मग शिम आधी काढून, मोजून, पुन्हा घालाव्या लागतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेत एक तरतूद आहे: कंत्राटी कामगाराने मागितलं, तर ठेकेदाराने त्याने केलेल्या कामाच्या तपशिलासह अनुभवाचा दाखला द्यायचा. तो मागावा. ‘फिटर, सात महिने’ एवढ्यावर घेऊ नये. इंडेक्सिंग टेबलाची जुळवणी, एलएम गाइड बसवणं, न्यूमॅटिक पायपिंग, ग्राहकाकडे जाऊन केलेली उभारणी आणि ट्रायल, हे सगळं त्यावर लिहून घ्यावं. पुढच्या गेटवर पगार ठरतो तो याच ओळींवर.