दामाजीपंतांचं कोठार आणि गेम मास्टर

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हटलं की आपल्याकडे लोकांना मोबाइल आठवतो. तसं नाही. चार-पाच जण टेबलाभोवती (आमच्याकडे सतरंजीवर) बसतात. कागद, पेन्सिल, फासे. प्रत्येकाचं एक पात्र, आणि ते पात्र काय करणार हे त्यानंच ठरवायचं. उरलेला एक जण गेम मास्टर. राजा, शिपाई, सावकार, पाऊस, दुष्काळ, सगळं त्याच्याकडे. कृतीचा निकाल अवघड असेल तिथे फासा टाकायचा.

'सूत्रधार' हा शब्द सुचतो, पण तो बसत नाही. सूत्रधाराला नाटकाचा शेवट ठाऊक असतो. गेम मास्टरला तो ठाऊक नसावा, आणि सगळी अडचण इथेच आहे. १९६९ साली अमेरिकेत डेव्हिड वेझली यांनी 'ब्राउनस्टाइन' नावाचा युद्धखेळ मांडला. त्यात प्रत्येक खेळाडूला गावातली एकेक भूमिका दिली होती. खेळाडू लढाई बाजूला ठेवून आपापल्या भानगडीत शिरले. वेझलींना वाटलं, खेळ फसला. खेळाडू म्हणाले, पुन्हा खेळू या! त्यांच्यातलेच एक डेव्ह आर्नेसन. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला.

मी भालकीची, म्हणून माझ्या खेळात ड्रॅगन नाहीत. मंगळवेढ्याचं कोठार आहे आणि बिदरचा दरबार आहे. दामाजीपंतांची कथा तुम्हाला माहीतच असेल. दुष्काळात त्यांनी बादशहाचं धान्य लोकांना वाटलं, त्यांना धरून आणायचा हुकूम सुटला, आणि विठोबा विठू महार होऊन बिदरला गेला नि पैसे भरून पावती घेऊन आला.

आता दामाजी एका खेळाडूच्या हातात द्या. तो कोठार उघडतो. गेम मास्टरला पहिला मोह होतो शिक्षा करायचा: 'शिपाई आले, तुला मारलं, संपलं.' हा मोह निदान ओळखता तरी येतो. दुसरा गोड आहे. विठूला पाठवायचं. कीर्तनात तो प्रसंग कळसाचा, कारण कीर्तन विठोबाच्या कृपेचंच असतं. पण टेबलावर विठूही गेम मास्टर आणि बादशहाही गेम मास्टर. म्हणजे मीच मला पैसे देणार, मीच पावती लिहिणार, आणि दामाजी ज्याचा तो बिचारा बघत बसणार. शिवाय पुढच्या वेळी कोठार उघडताना त्याला माहीत असेल की कोणीतरी सोडवायला येणारच. मग त्या उघडण्याला किंमत काय राहिली? कृपा आमच्या घरात रोजच्या प्रार्थनेतली आहे. पण मी गेम मास्टर आहे, देव नाही.

मग करायचं काय? किंमत आधी सांगायची. 'धान्य वाटलंस तर बातमी बिदरला जाणार. शिपाई यायला पाच-सहा दिवस. तरी उघडतोस?' तो हो म्हणाला की ते पाच-सहा दिवस त्याचे. हिशेब लपवेल, सावकाराकडे जाईल, पळेल. आमच्या दामाजीनं यातलं काहीच केलं नाही. खरा हिशेब लिहून घेतला आणि शिपाई यायच्या आत स्वतःच बिदरची वाट धरली. मी धाडीची तयारी करून बसले होते, ती वहीतच राहिली. त्याला वाटेत अडवून परत आणणं मला सोपं होतं. पण मग तो निर्णय त्याचा राहिला नसता.

'अपोकॅलिप्स वर्ल्ड' या २०१० सालच्या खेळात गेम मास्टरनं पात्रांचा चाहता असावं असं सांगितलंय. याचा अर्थ लाड करा असा घेऊ नका. चाहत्याला बॅट्समनला फुलटॉस पडावेत असं वाटत नाही. अवघड बॉल तो कसा खेळतो ते बघायचं असतं.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक. सरकारी निरोप, वसूल पोचवणं हे जुन्या गावगाड्यात महारांच्या कामात होतं. कथेतला विठू मात्र देव आहे. खरा महार निरोप्या तिथे दिसतच नाही. चोखोबा गावकुसाचं काम करताना दरडीखाली गेले तेही मंगळवेढ्यातच. त्यामुळे एका मैत्रिणीनं 'मी निरोप्या होते, माणूस निरोप्या' म्हटलं तेव्हा मला आनंद झाला. पण पहिला फासा टाकायच्या आधी आम्ही एक तास नुसतं बोललो. वाटेत त्याला विटाळावरून काय काय ऐकावं लागेल, त्यातलं किती टेबलावर बोलून दाखवायचं, कुठे 'अपमान झाला' एवढंच म्हणून पुढे जायचं. इतिहासात होतं म्हणून मी समोरच्या माणसाला तोंडावर वाट्टेल ते बोलू शकत नाही. आणि सगळं गाळलं तर निरोप्याचा प्रवास खोटा होतो. हद्द खेळणाऱ्यानं आखायची, तीही सगळ्यांच्या देखत मागे लागून नव्हे, आधी एकट्यात विचारून. मधेच ती बदलली तरी कारण विचारायचं नाही.

बाकी लहानसहान गोष्टी सवयीनं जमतात. 'तू घाबरलास' म्हणू नका. दरवाजावरचा पहारेकरी दखनीत काय गुरगुरला ते सांगा, घाबरायचं की नाही ते तो बघेल. फासा वाईट पडला तर 'काही झालं नाही' हे उत्तर देऊ नका. दार उघडलं नाही, पण आवाजानं कोण जागं झालं ते सांगा. आणि पात्र मरायची वेळ आलीच, तर त्याचं शेवटचं वाक्य तुम्ही बोलू नका. ज्याचं पात्र त्याला बोलू द्या, मग कोरा कागद पुढे करा.