मोटारीच्या रंगावरील ओरखडे (वाहतुकीतील नुकसान)
ट्रेलर किंवा रेल्वेने मोटार नेताना पट्टा, साखळी वा खडी घासून तिच्या रंगावर ओरखडे पडतात. कारखान्यात दिलेल्या रंगाचे साधारणतः चार थर असतात: गंजरोधक लेप, प्रायमर, रंगथर आणि पारदर्शक थर. त्यांची एकूण जाडी सुमारे ०.१ ते ०.१५ मिलिमीटर असते. नखाला न अडकणारा ओरखडा बहुधा पारदर्शक थरापुरता असून तो रबिंग कंपाउंडने घालवता येतो. मात्र घासल्याने अतिनील किरणांपासून रक्षण करणारा हा थर पातळ होतो. पत्रा उघडा पडल्यास गंज काढून प्रायमर, रंग व पारदर्शक थर क्रमाने द्यावे लागतात. दुरुस्तीपूर्वी छायाचित्रे घेतात आणि पोचपावतीवर नुकसानीची नोंद करतात. शेरा न लिहिता सही केल्यास भरपाईचा दावा दुबळा होतो.