योनिमार्गी स्त्रीमदजन चिकित्सा

योनिमार्गी स्त्रीमदजन चिकित्सा : ऋतुनिवृत्तीनंतर (मासिक पाळी कायमची बंद झाल्यानंतर) योनिमार्ग, भग व मूत्रमार्ग यांच्या ऊतकांत होणाऱ्या अपपुष्टीवर (झिजेवर) स्त्रीमदजन (इस्ट्रोजेन) हे हॉर्मोन अल्प मात्रेत योनिमार्गातच देऊन करावयाच्या उपचारास ही संज्ञा आहे. पोटात घेतलेले हॉर्मोन रक्तावाटे सर्व शरीरात पसरते. या पद्धतीत ते मुख्यतः जेथे दिले तेथेच कार्य करते. या दोहोंतील फरक नीट ध्यानात न घेतल्यामुळे या चिकित्सेविषयी दीर्घकाळ अकारण भीती राहिली.

लागोपाठ बारा महिने पाळी न आल्यास ऋतुनिवृत्ती झाली असे मानतात. भारतीय स्त्रियांत ती सरासरीने ४६–४७ व्या वर्षी, तर पाश्चात्त्य देशांत ५१ व्या वर्षाच्या सुमारास होते.

कारणे व लक्षणे : प्रजननक्षम वयात अंडकोशातून स्रवणाऱ्या स्त्रीमदजनामुळे योनिमार्गाचा अधिस्तर जाड, लवचिक व ओलसर राहतो. त्यातील कोशिकांत ग्लायकोजेन साठते. लॅक्टोबॅसिलस वंशाचे उपकारक जंतू त्यापासून निर्माण होणाऱ्या शर्करांचे लॅक्टिक अम्लात रूपांतर करतात. परिणामी तेथील पीएच मूल्य ३.५ ते ४.५ एवढे अम्लीय राहून रोगजंतूंना प्रतिबंध होतो. ऋतुनिवृत्तीनंतर स्त्रीमदजन घटले की अधिस्तर पातळ होतो, ग्लायकोजेन कमी होते व पीएच मूल्य ५ च्या वर जाते. मूत्रमार्ग व मूत्राशयाचा तळभाग यांतही स्त्रीमदजनाचे ग्राही असल्यामुळे त्यांवरही परिणाम होतो.

योनिमार्गाची शुष्कता, कंड, आग, संभोगाच्या वेळी वेदना, वारंवार व घाईने लघवीला होणे आणि मूत्रमार्गाचे पुनःपुन्हा होणारे जंतुसंक्रामण ही प्रमुख लक्षणे होत. या सर्वांचा एकत्र विचार व्हावा म्हणून २०१४ मध्ये तज्ञांच्या दोन आंतरराष्ट्रीय ख्यातीच्या संस्थांनी ‘ऋतुनिवृत्तीचा जनन-मूत्र लक्षणसमूह’ अशा अर्थाची नवी संज्ञा स्वीकारली. अंगात उष्णतेच्या लाटा येणे हे लक्षण बहुधा काही वर्षांत आपोआप ओसरते. ही लक्षणे मात्र उपचाराअभावी सामान्यतः टिकून राहतात वा वाढतात. वयोमानाचा भाग समजून किंवा संकोचापोटी अनेक स्त्रिया ती सांगत नाहीत. लघवीच्या तक्रारीवर प्रत्येक वेळी केवळ प्रतिजैव औषधे दिली जातात आणि मूळ कारण तसेच राहते.

चिकित्सेची रीत : मलम, गोळी व कडे हे प्रमुख प्रकार आहेत. मलमात एस्ट्रिऑल, एस्ट्रॅडिऑल किंवा संयुग्मित स्त्रीमदजने असतात. एस्ट्रॅडिऑलाची १० मायक्रोग्रॅमची गोळी पहिले दोन आठवडे रोज व पुढे आठवड्यातून दोनदा योनिमार्गात ठेवतात. लवचिक कडे ९० दिवस आत राहून रोज सुमारे ७.५ मायक्रोग्रॅम हॉर्मोन सोडते. काही आठवड्यांत आराम वाटू लागतो. पूर्ण परिणामास साधारणपणे दोन ते तीन महिने लागतात. उपचार थांबविल्यास लक्षणे बहुधा परत येतात. उष्णतेच्या लाटांवर वा अस्थींच्या विरलतेवर या अल्प मात्रेचा उपयोग होत नाही.

मूत्रमार्गाच्या संक्रामणावरील उपयुक्तता १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका नियंत्रित प्रयोगात दिसून आली. एस्ट्रिऑल मलम वापरणाऱ्या स्त्रियांत संक्रामणाचे प्रमाण दरवर्षी दरडोई ०.५, तर औषधविरहित मलम वापरणाऱ्यांत ५.९ आढळले.

सुरक्षितता : उपरोक्त गोळीची पहिल्या वर्षाची एकूण मात्रा १.१४ मिग्रॅ. भरते. तोंडाने रोज १ मिग्रॅ. एस्ट्रॅडिऑल घेणाऱ्या स्त्रीच्या एका दिवसाच्या मात्रेपेक्षा ती किंचितच अधिक आहे. आरंभी पातळ अधिस्तरातून थोडे अधिक हॉर्मोन रक्तात शिरते. अधिस्तर जाड होताच हे शोषण घटते. त्यामुळे अल्प मात्रेच्या प्रकारांत रक्तातील पातळी सामान्यतः ऋतुनिवृत्तीनंतरच्या नैसर्गिक मर्यादेतच राहते आणि गर्भाशयाच्या रक्षणार्थ प्रगर्भरक्षी (प्रोजेस्टेरॉनसदृश) हॉर्मोन सहसा जोडावे लागत नाही.

तोंडाने घ्यावयाच्या संयुक्त हॉर्मोनांमुळे स्तनाचा कर्करोग, हृद्‌रोग व रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका वाढतो, असे अमेरिकेतील ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या मोठ्या चाचणीत २००२ मध्ये आढळले. त्यानंतर २००३ मध्ये तेथील अन्न व औषध प्रशासनाने सर्वच स्त्रीमदजन औषधांवर, योनिमार्गी प्रकारांसह, चौकटीतील इशारा छापणे बंधनकारक केले. चाचणी एका मार्गाची आणि इशारा सर्व मार्गांना, अशी ही स्थिती होती. पुढे सु. ४५,००० स्त्रियांच्या निरीक्षणात (२०१८) योनिमार्गी प्रकार वापरणाऱ्यांत कर्करोग वा हृद्‌रोगाचे प्रमाण वाढलेले आढळले नाही. ब्रिटनमध्ये २०२२ पासून १० मायक्रोग्रॅमची गोळी ठराविक अटींवर चिठ्ठीविना औषधविक्रेत्याच्या सल्ल्याने मिळू लागली. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकी प्रशासनाने असे इशारे काढण्याची प्रक्रिया सुरू केल्याचे जाहीर केले.

दक्षता : ऋतुनिवृत्तीनंतर योनिमार्गातून होणारा कोणताही रक्तस्राव तपासल्याशिवाय ही चिकित्सा सुरू करू नये; तो गर्भाशयाच्या कर्करोगाचे लक्षण असू शकतो. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रियांत प्रथम हॉर्मोनविरहित वंगणे व आर्द्रताकारके वापरतात. त्यांनी आराम न पडल्यास कर्करोगतज्ञाच्या सल्ल्याने निर्णय घेतात. ॲरोमॅटेज निरोधक औषधे चालू असल्यास अधिक सावधगिरी आवश्यक असते. इतर बहुतेक स्त्रियांच्या बाबतीत औषधाच्या धोक्यापेक्षा त्रास न सांगता सोसत राहण्याने होणारी हानीच अधिक असते.